आपत्कालीन विभागातील रुग्णसमाधान

तातडीच्या उपचारांविषयी रुग्णाला व नातेवाइकांना आलेल्या अनुभवाचे मोजमाप. किती वेळ थांबावे लागले याइतकेच, थांबण्याचे कारण कुणी सांगितले का आणि वेदना लवकर शमल्या का, यावर ते ठरते.

बोईसर-तारापूरसारख्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात याला फार महत्त्व आहे. अंगावर अ‍ॅसिड उडालेल्या कामगाराची जखम आधी किमान २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी लागते. केसपेपर घेऊन दाराशी उभ्या भावाला वाटते, डॉक्टर नुसते पाणीच ओतताहेत. हाच पहिला उपचार आहे, एवढे त्याच्या भाषेत सांगितले तरी त्याला धीर येतो. हे सांगायला माणूस हवाच.

हा पट्टा ज्यात येतो तो पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. १०८ रुग्णवाहिकाही राज्यात त्याच वर्षी आली. तरी मोठ्या रुग्णालयाचा पल्ला लांबच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच जिल्ह्यात चारोटीजवळ ज्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, त्यातील जखमींना गुजरातेत वापीला हलवावे लागले.

दारातून परत पाठवणे सर्वांत जिव्हारी लागते. सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच दिला आहे.