आवाज येतो, शब्द येत नाहीत

आमचं गाव अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात आणि वाड्यांच्या मधोमध रामाचं देऊळ. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात कोणाची बदनामी व्हायला नको. झालीच तर ती माझी एकट्याची व्हावी, कारण चूक माझीच आहे.

मी पेशाने सिव्हिल इंजिनियर. तीस वर्षं इमारती बांधण्यात गेली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा दिवेआगर-श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत वाड्याच्या वाड्या झोपल्या. आमच्या देवळाच्या सभामंडपाची निम्मी कौलं उडाली आणि एक माड थेट आढ्यावर पडला. गावकऱ्यांचा मला फोन आला, "आता पक्कं काय ते तूच करून दे." मी नकाशा काढला, वर्गणीत माझाही वाटा घातला आणि दीड-दोन वर्षांत मंडप उभा राहिला. वरती स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना पुट्टी आणि तिन्ही बाजूंना स्लायडिंग खिडक्या. पत्रे घालावेत असं काहीजण म्हणत होते, स्वस्तात पडलं असतं. मीच नको म्हटलं. कोकणातला पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, मग कीर्तन कसलं ऐकणार? म्हणजे बघा, आवाजाचा विचार मी केला होता!

गेल्या चैत्रात नवरात्राच्या कीर्तनांना गेलो. पहिल्या रात्री आत्या दिसली नाही. माझी आत्या चौऱ्याऐंशीची आहे. लहानपणापासून तिनं चैत्रातलं एक कीर्तन चुकवलेलं नाही. घरी जाऊन विचारलं तर म्हणाली, "दोन वर्षं जातच नाही मी."

"कान गेले का तुझे?"

"कान कशाला जातायत? तू आत्ता बोलतोयस ते ऐकतेय ना? तिथं आवाज येतो रे, शब्द येत नाहीत."

रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. सकाळी रिकाम्या मंडपात जाऊन उभा राहिलो आणि एक टाळी वाजवली. टाळी वाजली ती थांबेचना. घुमत घुमत पार गाभाऱ्यापर्यंत गेली.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण माझी चूक काही नवी नाही. मोठमोठ्यांनी ती माझ्या सव्वाशे वर्षं आधीच करून ठेवली होती. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाची इमारत बांधली. त्यात एक देखणं व्याख्यानगृह होतं, पण त्यातलं व्याख्यान कोणाला समजत नसे. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि तेवढ्यात वक्त्याचे पुढचे दहा-पंधरा शब्द येऊन त्यावर पडत. हे दुखणं निस्तरायला वॉलेस सॅबिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाला सांगितलं गेलं. तोवर या विषयाचं शास्त्र असं फारसं नव्हतंच. चांगलं सभागृह बांधणं हा बराचसा नशिबाचा भाग मानत.

सॅबिननं काय करावं? शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, व्याख्यानगृहात पसरायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि नाद विझायला किती वेळ लागतो ते मोजायचा. गाद्या वाढल्या की नाद लवकर विझे. बाहेर शांतता असावी म्हणून हे सगळं रात्री, आणि सकाळच्या आत गाद्या परत जागेवर! एकदा त्याच्या लक्षात आलं की अंगावरच्या कपड्यांमुळेही आकडे बदलतात. मग आधीच्या हजारो नोंदी त्यानं बाद केल्या आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घालून बसला.

यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात. खोलीचं घनफळ मीटरमध्ये काढायचं, त्याला ०.१६१ नं गुणायचं आणि खोलीतल्या एकूण 'शोषणा'नं भागायचं. येतात ते नाद विझायला लागणारे सेकंद. खोली मोठी तर नाद लांबतो, आवाज पिऊन टाकणाऱ्या वस्तू जास्त तर आखूड होतो. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल या सूत्राचा आधार घेऊन बांधला गेला आणि जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याची आजही गणना होते.

हे सूत्र डिप्लोमाला मी पाठ केलं होतं. पेपरात त्यावर चार मार्कांचा प्रश्न यायचा. जे विसरलो होतो ते वेगळंच. शोषण मोजायला सॅबिनला एक माप हवं होतं. त्यानं निवडलं 'उघडी खिडकी'. उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शोषण पूर्ण. बाकी वस्तूंची तुलना तिच्याशी करायची.

आणि आमचा जुना मंडप? तो जवळजवळ सगळाच उघडी खिडकी होता!

सागवानी खांब, कमरेएवढा कठडा आणि तिन्ही बाजू मोकळ्या. वर वासे-रिपांवर मंगलोरी कौलं, कौलांच्या फटींतून ऊन आत यायचं. खाली शेणानं सारवलेली जमीन, त्यावर जाजम. कागद घेऊन बसलो. मंडप १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, साडेचार मीटर उंच. घनफळ ४३२. जुन्या मंडपाच्या मोकळ्या बाजूच साठ-पासष्ट चौरस मीटर भरतात. जमीन, जाजम, माणसं वेगळी धरायलाच नकोत, तरी नाद एका सेकंदाच्या आसपास विझतो. बोलणं समजायला साधारण तेवढंच लागतं. नव्या मंडपात टाइल, पुट्टी आणि सिमेंट मिळून आवाजाचा दोन टक्के भाग पितात, उरलेला परत फेकतात. वीसेक माणसं बसलेली असताना हिशोब साडेतीन सेकंदांवर गेला. बुवा सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतात. म्हणजे एक अक्षर विझायच्या आत त्यावर पंधरा अक्षरं चढलेली. आत्याचं निदान अगदी बरोबर होतं.

मात्र नाद लांबला की सगळंच बिघडतं असं नाही. आमच्यापासून जवळच रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या किल्ल्यात चर्चचे अवशेष आहेत, सातखणी मनोरा आहे. १७४० साली मराठ्यांनी ठाणं घेतलं तोवर तिथं प्रार्थना चालत. दगडी चर्चमधलं ते लॅटिन गायन संथ, एकेक स्वर लांबवत जाणारं. दगडाचा घुमारा त्याला साथ करतो. प्रार्थना पाठ असते, शब्द हरवला तरी बिघडत नाही. आमच्या गाभाऱ्यातही तेच आहे. छोटी दगडी खोली, तिथं ओंकार भरून राहतो आणि राहावाही. पण कीर्तनात पूर्वरंगातला विचार आणि उत्तररंगातलं आख्यान समजायलाच हवं. त्याची जागा गाभाऱ्याबाहेर, लाकडाच्या आणि वाऱ्याच्या मंडपात. मी अख्खा मंडपच गाभारा करून टाकला होता.

पूर्वी हे ध्यानात राहायचं, कारण माइक नव्हते. नाटक कंपन्यांची संगीत नाटकं, गावोगावची कीर्तनं, सगळं माणसाच्या गळ्यावर चालायचं. ऐकू येत नसेल तर लोक उठून जायचे, त्यामुळे जागा पारखून घ्यावीच लागे. माइक आला आणि पारख सुटली. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० साली उघडलं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांनी सांभाळलेली. आपलं संगीत माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जावं म्हणून तिथं केवढा खटाटोप करावा लागला! आमच्या देवळात कोणीतरी यावर सोपा उपाय काढला होता, दोन मोठे स्पीकर. घुमणाऱ्या खोलीत आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. आजारही मोठा आणि औषधही तेच.

मग स्लायडिंग खिडक्या काढून टाकाव्यात, झालं की! मलाही तसंच वाटलं होतं. पण खिडक्या उघडल्या आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग हॉर्न वाजवत आमच्या वाड्यांमधून किनाऱ्याकडे जाते. जुना मंडप मोकळा चालायचा, कारण बाहेर शांतता होती. रातकिडे, लांबवरची गाज, फार तर रहाटाची कुरकुर. बाहेरचा गोंगाट अडवायला जड आणि बंद भिंत लागते, आतले शब्द नीट यायला मऊ आणि मोकळी. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि मी त्या एकच समजून बसलो होतो. पावसाचा आवाज बाहेर ठेवला तो बरोबर. त्याच दाराआड बुवांचाही आवाज कोंडला.

या संदर्भात अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवते. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रॅमची योजना आली तेव्हा त्या विजेनं नोंदी बिघडणार हे स्पष्ट झालं. डॉ. मूस तेव्हा संचालक होते. १९०४ साली अलिबागला, समुद्राच्या काठी, नवी वेधशाळा सुरू झाली. बांधताना लोखंड आणि चुंबकीय वस्तू कटाक्षानं टाळल्या. काही काळ दोन्हीकडे नोंदी घेऊन ताडून पाहिल्या आणि मुंबईत विजेची ट्रॅम धावली ती नंतर, १९०७ साली. हा गोंगाट कानांना ऐकू येणारा नव्हे, पण रीत बघा. या खोलीला काय 'ऐकायचं' आहे हे त्यांनी पायाच्याही आधी विचारलं. मग जागा ठरवली, मग सामान. अलिबागवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. नकाशा काढताना मी वाऱ्याचा जोर विचारला, स्लॅबचं वजन विचारलं, टाइलचा भाव तर तीन दुकानांत विचारला. इथे कोण काय ऐकायला येतं, हे मात्र विचारलं नाही. घरात विचारायला माणूस होतं.

असो. देऊळ काही अलिबागच्या वेधशाळेसारखं दुसरीकडे हलवता येत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी सॅबिन व्हायचं ठरवलं. पोरांना घेऊन घरोघर फिरलो आणि गोधड्या गोळा केल्या. लोक विचारत होते, कीर्तनाला पाहुणे उतरणार आहेत का? वीसेक गोधड्या मागच्या भिंतीवर आणि दोन्ही बाजूंच्या बंद काचांवर दोऱ्या बांधून टांगल्या. खाली सगळीकडे जाजमं. मोठे स्पीकर बंद करून पेटीशेजारी एकच लहान ठेवला. गणितानं साडेतीन सेकंदांचा नाद दीडेकावर यायला हवा होता. टाळी वाजवली. घुमली, पण विझली.

देऊळ धोब्याच्या वाळवणासारखं दिसत होतं हे मान्य करतो. कमिटीतल्या एका काकांनी तोंडावर सांगितलं, "लाखो रुपये घातले आणि शेवटी गोधड्याच?" मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी आत्याला हात धरून नेलं. ती तिच्या नेहमीच्या जागी, तिसऱ्या खांबाशी बसायला निघाली. तिथं आता खांब नाही, मग भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी कैकेयीच्या वरांचं आख्यान होतं. बुवा बोलत होते आणि मी बुवांकडे बघतच नव्हतो. आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. परीक्षेचा निकाल लागायचा असतो तेव्हा माणूस बघतो तसा.

रामनवमीनंतर गोधड्या ज्याच्या त्याच्या घरी परत गेल्या. आता कमिटीशी बोलणं चालू आहे. स्लॅबखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत आणि त्यावर काथ्याचा जाड थर, मागच्या भिंतीला तेच, आणि रस्त्याकडची बाजू बंद ठेवून वाडीकडच्या खिडक्या उघड्या. काथ्या तर आमच्या दारातच आहे. वाळवी लागेल, आगीला सोपं जाईल असे आक्षेप आलेत आणि ते खोटे नाहीत. उत्तरं शोधतोय. पुढच्या चैत्राच्या आत काहीतरी झालं पाहिजे.

त्या रात्री परत येताना आत्या बराच वेळ गप्प होती. मला धाकधूक. फाटकापाशी थांबून म्हणाली, "बुवा सांगतात बरं. पण मंथरेला फार लवकर आटोपलं रे. आमच्या वेळचे बुवा तिला तासभर बोलवायचे."