सभेतील शिंक व खोकला : मराठवाड्यातील सभाशिष्टाचाराचा एक पैलू

नांदेड व लातूर या भागांत आधुनिक अर्थाची जाहीर सभा उशिरा रुजली. हैदराबाद संस्थानात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून सभाबंदीचे हुकूम लागू झाले. त्यांपैकी ‘गश्ती निशाण ५३’ हा विशेष कुप्रसिद्ध होय. परवानगीवाचून सभा भरविणे त्यामुळे दुरापास्त झाले आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राजकीय वक्तृत्वाला येथे मोकळे व्यासपीठ लाभले नाही. तथापि एकाने बोलावे व अनेकांनी बसून ऐकावे, ही रीत या भागाला नवीन नव्हती. कीर्तन, पुराण, मशिदीतील शुक्रवारचा खुत्बा, नांदेडच्या गुरुद्वारातील कथा आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर विहारांतील धम्मदेशना या सर्व सभाच होत. बोलत असता शिंक वा खोकला आला तर वक्त्याने काय करावे आणि श्रोत्यांनी काय करू नये, याचे संकेत येथील समाजाला प्रामुख्याने अशा धर्मसभांतून मिळाले. विषय वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु चालू असलेल्या भाषणाचा ओघ अडविण्याचा अधिकार कोणाला, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची देहविषयक बाजू आयुर्वेदाने फार पूर्वीच निकालात काढली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जे वेग रोखू नयेत असे सांगितले आहे, त्यांत शिंकेचा समावेश आहे. त्याच स्थानात पुढे सद्वृत्ताचे नियम देताना तोंड झाकल्यावाचून शिंकू, हसू वा जांभई देऊ नये, असेही बजावले आहे. या दोहोंत विरोध नाही. शिंक दाबणे हा शिष्टाचार नव्हे, तर तोंड झाकणे हा शिष्टाचार, असे त्यांचे तात्पर्य. सुश्रुतसंहितेत हाच नियम सभेच्या संदर्भात येतो व तेथे खोकला आणि ढेकर यांचीही भर पडते. मनुस्मृतीने मात्र शिंकेनंतर आचमन सांगून तिला शुद्धाशुद्धतेच्या कक्षेत नेले. वैद्यांची दृष्टी सभेकडे आहे, स्मृतिकाराची शिंकणाऱ्याच्या स्वतःच्या शुचितेकडे. सभाशिष्टाचाराच्या इतिहासात पहिली अधिक मोलाची मानावी लागेल.

श्रोत्यांच्या वर्तनाविषयीचा सर्वांत अर्थपूर्ण पुरावा पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात आढळतो. भगवान बुद्ध परिषदेपुढे धर्मोपदेश करीत असता त्यांना शिंक आली. तत्काळ भिक्षूंनी दीर्घायुष्य चिंतणारा असा मोठा घोष केला, की त्या गलबल्यात उपदेशच खंडित झाला. शिंकणाऱ्याला आयुष्य चिंतिल्याने तो जगतो किंवा न चिंतिल्याने मरतो काय, असे बुद्धांनी विचारले. भिक्षूंनी नकार दिला आणि ही प्रथा भिक्षूंसाठी बंद करण्यात आली. येथे व्यत्यय शिंकेने आणला नव्हता. तो आदराने आणला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कथा येथेच संपत नाही. पुढे गृहस्थ भिक्षूंना शिंकेनंतर आयुष्य चिंतू लागले आणि भिक्षू संकोचाने गप्प राहू लागले, तेव्हा लोकांना त्याचा विषाद वाटला. त्यावर बुद्धांनी, गृहस्थ मंगलाचाराचे भोक्ते असतात हे जाणून, अशा वेळी उलट आशीर्वाद देण्यास भिक्षूंना मुभा दिली. रूढीतील भ्रम दाखवून द्यावा, पण तिच्यामागील सद्भावाला दुखवू नये, हा तोल नंतरच्या अनेक सुधारकांना साधलेला नाही.

इस्लामी परंपरेतही असाच पेच उद्भवला. शिंकणाऱ्याने ईश्वराची स्तुती करावी व ऐकणाऱ्याने त्याच्यासाठी कृपा मागावी, हा तेथील शिष्टाचार. प्रेषित शिंकताना हात वा वस्त्र तोंडापुढे धरून आवाज मंद करीत, असे हदीसांत नमूद आहे. परंतु खुत्बा चालू असता मौन पाळावयाचे असते. अशा वेळी शेजारी शिंकला तर? हनफी मत मौनाच्या बाजूचे आहे. शाफिई मत तुलनेने सैल आहे. शिष्टाचाराचे दोन नियम परस्परांवर आदळले, की वक्त्याचा मान वरचढ ठरवावा असा कल येथेही दिसतो.

मराठी लोकाचाराची चाल थोडी निराळी आहे. कोणी बोलत असता शिंक ऐकू आली, की ‘सत्य आहे’ असे म्हणण्याची पद्धत खेड्यापाड्यांत आजही आढळते. एरवी कार्यारंभी अपशकुन मानली जाणारी, ‘माशी शिंकली’ या वाक्प्रचारातही विघ्नाची खूण असलेली शिंक बोलण्याच्या मध्यावर मात्र साक्षीदार होते! व्यत्ययालाच अनुमोदनाचे रूप देणारी ही युक्ती मोठी चतुर म्हणावी लागेल. जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात ‘श्रोता अवलक्षण’ हा स्वतंत्र समास योजून निरूपणास बसलेल्यांच्या झोपेची, आळसाची व देहाच्या कुरबुरींची झाडाझडती घेतली, तीही याच संदर्भात पाहावी. वारकरी कीर्तनात वक्त्याची सोय रचनेतच आहे. घसा बसला वा ठसका लागला तर टाळकरी चाल उचलून धरतात. कीर्तनकाराला तोंड फिरवून, उपरण्याचे टोक ओठांशी धरून, सावरण्यास अवसर मिळतो आणि सभेला खंड जाणवत नाही. एकट्या व्याख्यात्याला हा आधार नसतो. त्याच्यापुढे पाण्याचा पेला असतो एवढेच.

खोकल्याविषयी आणखी एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. मराठीत खोकणे, ठसका लागणे आणि खाकरणे या वेगळ्या क्रिया आहेत. पैकी खाकरणे हे बहुधा हेतुपुरस्सर असते. वडीलधाऱ्या पुरुषाने घरात शिरण्यापूर्वी खाकरून स्त्रियांना सूचना देणे ही जुनी रीत. तेच खाकरणे सभेत वक्ता करतो तेव्हा ते लक्ष वेधण्याचे साधन असते. श्रोता करतो तेव्हा ती बहुधा अधीरता असते. ध्वनिवर्धक आल्यावर वक्त्याचे खाकरणे मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ लागले. तोंडाशी धरलेला हात पूर्वी पुरेसा होता. आता मानही यंत्रापासून वळवावी लागते.

२०२० च्या मार्चमध्ये देशभर दूरध्वनी लावताच प्रथम खोकल्याचा आवाज व मागून कोविडविषयक सूचना ऐकू येऊ लागली. शिंकताना वा खोकताना तोंड रुमालाने अथवा वाकविलेल्या कोपराने झाकावे, असे आरोग्ययंत्रणा सांगत होती. सुश्रुतसंहितेतील सभानियम आणि ही सूचना यांत कृती जवळजवळ एकच, मात्र कारण वेगळे. एकात सभेची मर्यादा, दुसऱ्यात संसर्गाचे भय. त्या काळात ‘सत्य आहे’ म्हणण्याऐवजी शेजारचा श्रोता अंग चोरून बसू लागला.