सहलीचा डबा: काय न्यावे, काय टाळावे
सहलीचा डबा भरताना चवीइतकाच तो उन्हात किती वेळ टिकेल याचाही विचार करा. ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून भात, पनीर, बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी असे ओलसर पदार्थ २ तासांत संपवा; पारा ३२ अंशांच्या वर असेल, तर १ तासातच. बाहेर राहिलेल्या भातात काही जंतू विष तयार करतात. ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

त्याऐवजी दशम्या, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग, केळी, संत्री न्या. घरचे पाणी आणि ओआरएसची पाकिटे सोबत असू द्या. जुलाबातून रक्त पडल्यास, जास्त ताप आल्यास किंवा लघवी कमी झाल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा.