तांबड्या खडकातील मजूर

आम्ही पाच कार्यकर्ते मोटारीने ॲरिझोनातील नवाहो मुलखातून गेलो. मॉन्युमेंट व्हॅलीचे तांबडे सुळके पाहून आमची वाचाच बसली. पण आम्हांला अधिक अस्वस्थ केले ते तेथील खाणींच्या इतिहासाने.

१८६४ साली सैन्याने नवाहोंना शेकडो मैल पायी हाकलीत नेले. १८६८ च्या तहाने ते मायभूमीला परतले. पुढे त्याच भूमीत युरेनियम सापडले. १९४४ ते १९८६ या काळात तेथून सुमारे ३ कोटी टन खनिज निघाले. खणणारे हात कितीतरी नवाहोंचेच. खाणीत हवा पुरेशी खेळत नसे, आणि ती विषारी आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. धुळीने भरलेले कपडे घरी बायका धूत. मग फुप्फुसाच्या कर्करोगाने माणसे जाऊ लागली.

१९६० च्या सुमारास विधवा एकत्र बसून नवऱ्यांच्या मरणाविषयी बोलू लागल्या. संघटनेचा आरंभ असाच होतो! तरी सरकारने कायद्याने क्षमा मागितली ती १९९० साली.

आम्ही जन्मभर मजुरीसाठी भांडलो. कामातील धोका जाणून घेणे हाही मजुराचा हक्कच; तो मागायला मात्र आम्हीही उशीर केला, याची कबुली आज येथे देतो.