पट आणि हजेरी

परवा भाची आली होती. तिनं मोबाइलवर जल जीवन मिशनचं पान उघडलं आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या नोकरीच्या गावाचं नाव सांग." मी माण तालुक्यातल्या त्या गावाचं नाव सांगितलं. क्षणात घरं किती, नळ किती, सगळं समोर! तिला कौतुक वाटलं, मलाही वाटलं. पण मला आठवली ती १९९१ ची जनगणना.

आम्हा शिक्षकांना गणनेचं काम लागायचं. फेब्रुवारी महिना होता. शाळा सुटली की मी वाड्या-वस्त्यांवर जायची. एका घरी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आला. समोरच हापसा दिसत होता, मी तशी नोंद केली. घरातली बाई म्हणाली, "आवं बाई, त्येचं पानी पाडव्यापातुर. म्होरं आमी काय करतो, त्ये न्हाई का लिवायचं?"

त्यासाठी रकाना नव्हता. "तेवढंच विचारलंय," असं म्हणून मी पुढच्या घरी गेले.

एप्रिलात तिची मुलगी शाळेत येईनाशी झाली. हंडा घेऊन टँकरची वाट बघत बसायची. मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत राहिले. पुढच्या वर्षी ती आलीच नाही. माझ्या एका नोंदीप्रमाणे त्या घराला सुरक्षित पाणी होतं (हापशाचं पाणी तेव्हा सुरक्षित धरत), आणि दुसऱ्या नोंदीत त्याच घरची मुलगी पाण्यापायी गैरहजर. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या, आणि दोन्ही खऱ्या! निवृत्तीनंतर मोकळा वेळ मिळाला, तेव्हा देशानं हा पाण्याचा हिशेब कसकसा मांडला ते वाचू लागले. त्याचं कारण ही मुलगी.

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीला विसरता येणार नाही. त्याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी केंद्राची मोठी योजना सुरू झाली. तेव्हा मोजायचं माप होतं 'गाव'. पाण्याची अडचण असलेल्या गावांच्या याद्या झाल्या. १९८० च्या सुमारास अशी २ लाख ३१ हजार गावं होती. १९८५ पर्यंत त्यांतली जेमतेम ३९ हजार उरली. वाटलं, आता संपलंच काम! पण नव्यानं मोजलं तर आकडा १ लाख ६२ हजार. काही गावं आधी यादीतच नव्हती, काहींचं पाणी मधल्या काळात आटलं होतं.

शिवाय 'गाव' हे मापच फसवं. गावात विहीर आहे, म्हणजे सगळ्यांना पाणी आहे असं धरायचं. मग मळ्यातली वस्ती, धनगरवाडा यांचं काय? दलित वस्तीला त्या विहिरीवर पाणी भरू देतात का, हे गावाच्या आकड्यात कुठं दिसणार? म्हणून १९९१ नंतर देशभर पाहणी झाली ती वस्तीनिहाय. माणशी रोज ४० लिटर पाणी, २५० माणसांमागे एक हापसा किंवा नळ, आणि सपाट प्रदेशात उगम १.६ किलोमीटरच्या आत, असा निकष होता. त्यावरून वस्तीला पूर्ण पाणी, थोडं पाणी की पाणीच नाही, हे ठरायचं. पुढं या हिशेबात आणखी एक जात आली, 'पूर्ण'मधून मागं घसरलेल्या वस्त्यांची. शाळेच्या भाषेत सांगायचं तर गळती!

२००९ पासून हा वस्त्यांचा हिशेब इंटरनेटवर आला. आणि २०१९ मध्ये जल जीवन मिशननं माप थेट घरावर आणलं. प्रत्येक घरी नळ, माणशी ५५ लिटर. सुरुवातीला सुमारे १९ कोटी ग्रामीण घरांपैकी फक्त ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता. गाव, मग वस्ती, मग घर... माप लहान होत गेलं तसतशी लपलेली माणसं दिसू लागली. ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

शौचालयांचीही तीच कथा. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागातल्या ३०.७ टक्के घरांतच शौचालय आढळलं. सरकारी योजनांच्या नोंदींत आकडा त्याहून कितीतरी मोठा होता. एका वहीत बांधलेली शौचालयं, दुसरीत प्रत्यक्ष सापडलेली. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र शहरं आणि गावं मिळून देशातल्या सुमारे १९ टक्के घरांतली माणसं उघड्यावर जाणारीच निघाली. कुणी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. मीही खोटं लिहिलं नव्हतं.

आम्हा मास्तर लोकांना यातली गोम लगेच कळते. पट वेगळा आणि हजेरी वेगळी. पटावर ४० मुलं असतात, वर्गात २२. नळ बसला की घर पटावर आलं. पण पाणी रोज येतं का, पुरेसं येतं का, पिण्याजोगं असतं का, ही हजेरी. २०२२ मध्ये केंद्रानं ती घेऊन पाहिली, तेव्हा पाहणीतल्या सुमारे ६२ टक्के घरांतच या तिन्ही कसोट्यांना उतरणारा नळ आढळला. आकडा कमी वाटला तरी मला बरं वाटलं. निदान हजेरी घेतली!

भाची गेल्यावर वाडीवरच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. म्हणाली, "नळ आलाय बाई. उन्हाळ्यात मात्र चार दिवसांनी येतो." म्हणजे भाचीच्या पानावरचा आकडा खरा, आणि हिचं म्हणणंही खरं.

आमच्या घरात दोन शिक्षिका अजून नोकरीत आहेत, त्या हे वाचतीलच. पोरींनो, कधी गणनेला गेलात आणि कुणी रकान्याबाहेरचं काही सांगू लागलं, तर समासात का होईना, लिहून आणा. वर पाठवा. वर कुणी वाचेल की नाही, हा पुढचा प्रश्न. मी ते लिहिलं नाही, याची बोच अजून आहे.

असो. तुमच्याकडे मे महिन्यात नळाची हजेरी किती असते? जरूर कळवा.