पानिपतला जायचंय? नद्या मोजा!

आपल्याकडे एखाद्या कामाचा बट्ट्याबोळ झाला की लगेच 'पानिपत झालं' म्हणतात. पण पुण्याहून पानिपतला गाडीने जायचा प्लॅन करायला बसा, म्हणजे कळेल की खेळ रणांगणावर पोचायच्या आधी वाटेतच बराचसा फिरला होता.

अंतर साधारण दीड हजार किलोमीटर. आठ दिवस ठेवा. आणि मुक्काम नुसते किल्ले बघून ठरवू नका, नद्या बघून ठरवा.

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूरहून (जालना जिल्हा) निघाले. तिथून बऱ्हाणपूर, मग हंडियाला नर्मदा. आज पूल आहे, पलीकडे नेमावरचं सिद्धेश्वर मंदिर चुकवू नका. पुढे सिरोंज, ग्वाल्हेर, आणि धोलपूरच्या अलीकडे चंबळ. आपली गाडी ती पाच मिनिटांत ओलांडते. भाऊंबरोबर तोफा, बायकापोरं, यात्रेकरू आणि बाजारबुणगे! चंबळेपर्यंत जून उजाडला. यमुना ओलांडून दुआबात उतरायचा बेत होता, पण पावसाने ती फुगली. मग पश्चिम काठाने मथुरा आणि ऑगस्टमध्ये दिल्ली.

(आपल्या सोयीचं: ताजमहाल शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी. वार जुळवूनच निघा.)

दिल्लीनंतर कर्नालजवळचं कुंजपुरा. १७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी ते घेतलं, दाणागोटाही मिळाला. अब्दाली तेव्हा नदीपलीकडे होता. आठवडाभरातच पूर ओसरतोय हे बघून तो बागपतला यमुना उतरला, आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. रसद तुटली. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्या सुमाराला, उपाशी फौज लढाईला बाहेर पडली.

पानिपतजवळ 'काला अंब'चं स्मारक आहे. बहुतेक लोक थेट तिथे जातात, फोटो काढतात आणि परततात. तुम्ही मात्र आधी बागपतला अर्धा दिवस द्या. बघायला तसं काही नाही, नुसता नदीचा काठ. जानेवारीत जाणार असाल तर धुकं फार असतं, तेव्हा सकाळी लवकर गाडी काढू नका.

पानिपत ते दिल्ली फक्त नव्वद किलोमीटर. पुण्याहून इतक्या लांब आलेल्या फौजेला तेवढेच परत कापता आले नाहीत. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण बागपतच्या काठावर उभं राहिलं की ते नीट समजतं.