ढोबळी मिरची आणि सावली

विलेपार्ल्यात 1929 साली सुरू झालेला पार्ले कंपनीचा कारखाना 2016 साली बंद पडला. भाजत्या बिस्किटांचा तो वास गेला. बिस्कीट मात्र घरोघर राहिले आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात ते खिडकीशी ठेवून पाहा. उठावाच्या अक्षरांना सावल्या फुटतात, कडेची नक्षी खोल होते आणि जवळून घेतलेल्या फोटोत तो एखादा शिलालेखच वाटतो. खाण्याच्या जिनसेकडे असे निव्वळ आकार म्हणून पाहण्याला मोठा जुना इतिहास नाही.

टॅलबट या इंग्रज संशोधकाच्या ‘पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकात (1844 ते 1846) फळांच्या टोपल्यांचे छायाचित्र आहे. पण मांडणी जुन्या चित्रकारांचीच. आपल्या मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्या काळी कॅमेऱ्यापुढे माणसे आली, इमारती आल्या. भाकरी-कांद्याला कोण विचारतो!

वळण आले 1916 साली. पॉल स्ट्रँड या अमेरिकन तरुणाने कनेटिकट राज्यातल्या एका घराच्या ओसरीवर साधे वाडगे मांडले आणि कॅमेरा इतका जवळ नेला, की वाडगे हरवले व वक्ररेषा उरल्या. इथे सावली वस्तूची शेपटी राहिली नाही. वस्तूच्या बरोबरीने बसली. 1928 साली पॅरिसमध्ये कर्तेशने बशीच्या काठाला टेकलेला काटा टिपला. त्यात तर अन्नाचा कणही नाही!

माझ्या मते खरी कमाल एडवर्ड वेस्टनची. ऑगस्ट 1930 मध्ये, कॅलिफोर्नियात, त्याने एक वेडीवाकडी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. आतल्या पत्र्यावरून परतलेला उजेड मिरचीच्या वळणांवरून हळुवार फिरला आणि मागे काळोख राहिला. हीच ती प्रसिद्ध तीस नंबरची मिरची. पाहणाऱ्याला पाठ दिसते, खांदा दिसतो, मिरची शेवटी आठवते. आणि खर्च म्हणाल, तर एक नरसाळे.

अन्नाशी हा खेळ कशाला, असे आपल्याकडची आजी विचारील, आणि तिचा प्रश्न रास्त आहे. वेस्टनलाही लोक टोमणा मारीत, पण वेगळा: काम झाले की हा आपली मॉडेल्स खाऊन टाकतो, हा तर नरभक्षक! त्याने रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की ती आपल्यात मिसळून जातात ही कल्पना त्याला आवडते.